उबवणी केंद्राचे आबा

आमच्या केंद्रात कोणी नवा धंदा घेऊन आलं की भानुदास आबा आधी खोलीतला दिवा बंद करतात आणि त्या वस्तूमागे मोबाईलचा टॉर्च धरून बघतात. मसाल्याची पुडी असो, मोटारीचा स्टार्टर असो, नाहीतर शिवलेली पिशवी असो. एका पोरानं मोबाईलचं ॲप आणलं होतं, तेव्हा आबा त्याच्या लॅपटॉपमागे टॉर्च धरून बराच वेळ वाकून बसले. मग म्हणाले, "जीव हाय. बारीक हाय, पन हाय."

पोरगा पार गांगरला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, की हे आमचे व्यवस्थापक आणि हे आधी अंडी उबवायचे; अंड्यात जीव धरलाय का ते असंच मागून उजेड धरून बघतात.

थट्टा नाही ही. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतली एक बंद शेड घेऊन काही मंडळींनी हे केंद्र काढलं. नव्या माणसाला बसायला टेबल, सगळ्यांत मिळून एक ओव्हन आणि पॅकिंगचं मशीन, कोणी कागदपत्रं करून देणारं, कोणी पहिलं गिऱ्हाईक गाठून देणारं. आणि धंदा पायावर उभा राहिला की त्यानं आपला गाळा बघायचा, असा बेत. कागदपत्रं करून देणारी ती मी. याला सगळे इन्क्युबेटर म्हणतात, पण आमच्या अध्यक्षांना मराठीचा जाज्वल्य अभिमान. त्यांनी पेपरात जाहिरात दिली, 'उबवणी केंद्रासाठी अनुभवी व्यवस्थापक पाहिजे.' आबांची सगळी हयात कोंबड्यांच्या हॅचरीत गेलेली आणि ती नुकतीच बंद पडलेली. त्यांनी लगेच अर्ज केला.

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, तुमच्या हातून किती उभे राहिले? आबा म्हणाले, मोजले नाहीत, टेम्पो भरून जायचे. वाया किती जातात? आबा म्हणाले, थोडे जातात, बाकीचे त्याच दिवशी चालायला लागतात. समितीतले साहेब लोक एकमेकांकडे बघतच राहिले. असा माणूस पुण्यातही मिळाला नसता. पहिल्या दिवशी आबा थर्मामीटर घेऊन आले आणि अंडी कुठं आहेत म्हणून विचारायला लागले, तेव्हा सगळा उलगडा झाला. पण चूक कबूल करायची तर जाहिरात कोणी लिहिली हा प्रश्न आला असता. आबा राहिले.

आणि त्यांनी केंद्र हॅचरीसारखंच चालवायला घेतलं. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर पिल्लू आत चिकटतं, म्हणून दर सोमवारी सगळ्यांनी टेबलं बदलायची. पहिले काही सोमवार मी मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडली, कारण माझंही टेबल हलायचं. पण त्या हलवाहलवीत खोके करणारा मसालेवाल्याशेजारी आला आणि त्याला तिथंच गिऱ्हाईक मिळालं. मसालेवाल्याचा माल न्यायला शेजारच्या वस्तीतला टेम्पो लागला, पुड्या भरायला तिथल्याच बाया यायला लागल्या. मी बोटं मोडायची थांबवली. कोणी नव्या माणसाच्या मागे फार लागलं की आबा म्हणायचे, "ऊब द्यायची, उकडायचं न्हाई."

मग जामखेडहून संगीता आली. ज्वारीची बिस्किटं करायची. चव अशी, की मी डबा उघडला तो झाकण लावायचं विसरून गेले. पण पुण्याला नमुना पाठवला की तिथं पोचायचा तो भुगा. लहान मुलीला आईजवळ ठेवून ती एकटी नगरला राहिली होती. धंदा जमला तर लेकीला इथं आणायचं, नाही तर दिवाळीला परत जामखेड, असं घरी ठरलं होतं. दिवाळी जवळ येत होती आणि भुग्याचा भुगाच होता.

मी म्हटलं, थोडा मैदा घाल. ती नको म्हणाली. मग मी आबांना म्हटलं, ओळखीचा कोणी बेकरीवाला आणा, तो सांगेल. आबांनी साफ नकार दिला. पिल्लानं कवच आतून फोडायचं असतं, बाहेरून फोडलं की ते जगत नाही, म्हणाले. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांना चहा विचारला नाही. ते मात्र रोज ओव्हनपाशी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि भुगा खायचे.

एका दुपारी संगीता रडत रडत भुगा गोळा करत होती आणि मध्येच थांबली. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते, तेव्हा बाई काय करते? पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालते. तिनं थोड्या पिठाची उकड काढली, बाकीच्या पिठात मळली आणि बिस्किटं भाजली. डबा टेम्पोत टाकून जामखेडपर्यंत नेला आणि परत आणला. एकही तुकडा पडला नव्हता.

मी आबांना म्हटलं, उकडायचं नाही म्हणत होतात ना? आबा तोंडातलं बिस्किट संपवून म्हणाले, "ज्वारीला चालतं."

पुण्याच्या दुकानानं माल घेतला. दिवाळीनंतर संगीतानं दोन रस्ते पलीकडे गाळा घेतला. लेक नगरला आली. सामान हलवायच्या दिवशी सगळे जमले, अध्यक्षांनी भाषण केलं आणि आबांचा पत्ता नाही. कोणी केंद्र सोडून जाणार असलं की ते असेच नाहीसे होतात, आणि मी त्यांना कोरड्या काळजाचा माणूस समजत होते.

ते शेडमागे पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. संगीता लेकीला कडेवर घेऊन शोधत आली, मीही मागून गेले. पाया पडू द्या म्हणाली, तर ते तोंड फिरवून उभे.

"आमचं काम तेवढंच आसतं, पोरी," ते म्हणाले. "पिल्लू निघालं की खोक्यात घालायचं, टेम्पो निघून जायाचा. इतकी काढली, पन त्यातली एकबी कोंबडी झालेली म्या बघितली न्हाई."

आबांना मूलबाळ नाही. बायको गेल्यापासून सावेडीत एका खोलीत एकटेच राहतात. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मला तिथं त्या टाकीपाशी कळला.

संगीता म्हणाली, "आबा, मी कुठं लांब चाललेय? दोन रस्ते सोडून तर हाय. रोज चहाला या."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एखादा नियम विचारावा तसं त्यांनी मला विचारलं, "तसं चालतं व्हय?"

चालतं, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला ते निघाले. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. फाटकापर्यंत गेले आणि परत माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. काय झालं विचारलं तर जरा लाजले.

"लेकीकडं पयल्यांदा चाललोय," म्हणाले. "रिकाम्या हातानं कसं जायाचं?"