सगुणाबाई यंत्रणेत बसत नाहीत

लहान मुलांशी दुष्कृत्य करून शिक्षा भोगलेला एक इसम भारतात येत आहे, हे त्याच्या देशाने आपल्या देशाला विमान सुटण्याआधीच कळवले होते. आपल्याकडेही कुचराई झाली नाही. दिल्लीने मुंबईला कळवले, मुंबईने जिल्ह्याला, जिल्ह्याने पोलीस ठाण्याला. प्रत्येकाने ‘गोपनीय’ असा शिक्का मारला. शेवटचा शिक्का वाळला तेव्हा पाहुणा चौलच्या अलीकडे, सगुणाबाईंच्या ओटीवर घावणे खात बसला होता.

सगुणाबाई पर्यटकांना खोल्या देत. गावात गोरा माणूस उतरला की त्याला शाळेच्या कार्यक्रमाचा प्रमुख पाहुणा करायचे, ही तिथली रीतच. शाल आणून झाली होती. पाहुण्याला सुपारीची वाडी दाखवायचा मान सगुणाबाईंच्या दहा वर्षांच्या लेकीला, दिशाला, मिळाला होता.

हवालदार दिनानाथ मात्र सकाळपासून सगुणाबाईंच्या विहिरीच्या कठड्यावर साध्या वेषात बसून होते. गावातच जन्मल्यामुळे त्यांना सगळे ओळखत.

“दिनानाथभाऊ, माझ्या सुपाऱ्या मोजतोस काय?” सगुणाबाईंनी विचारले.

“लक्ष ठेवतोय.”

“कोनावर?”

“ते सांगता येत न्हाय, वैनी. म्हायती फक्त संबंधित यंत्रणेला द्यायची, असा हुकूम हाय.”

“पाहुणा माझ्या घरात ऱ्हातो. मी संबंधित न्हाय?”

“संबंधित हायस. यंत्रणा न्हायस.”

सगुणाबाईंनी ओटीवरच्या पाहुण्याकडे एकदा नीट पाहिले. “बरं, मंग दिशाला त्याच्यासंगं वाडीत धाडू का?”

दिनानाथ पेचात पडले. धाड म्हणावे तर पाप, नको म्हणावे तर गोपनीयतेचा भंग. ते खोकू लागले. इतके खोकले की डोळ्यांत पाणी आले.

अशा रीतीने माहितीची देवाणघेवाण पार पडली. सगुणाबाईंनी दिशाला आत ओढून कडी घातली, पाहुण्याची बॅग अंगणात भिरकावली आणि बोंब ठोकली. घटकाभरात अख्खे गाव जमले. दिनानाथांनी पाहुण्याला जीपमध्ये घालून ठाण्यात पोचवले.

पाहुणा गेला तरी गावाचा राग उतरेना, म्हणून संध्याकाळी मोर्चा निघाला. सर्वांत पुढे बाळाजीअण्णा होते. अण्णा घरी शिकवण्या घेत. मागे एकेक करून सगळ्या मुलींनी ती शिकवणी सोडली होती. का, ते गावात प्रत्येकाला ठाऊक होते, त्यामुळे कुणी कुणाला सांगायचा प्रश्नच आला नाही.

“पोरींकडं वाकड्या नजरेनं बघनाऱ्याला गावात थारा न्हाय!” अण्णा ओरडले. गावाने घोषणा उचलून धरली.

सगुणाबाई दिनानाथांच्या कानाशी लागल्या. “ह्याची म्हायती कुठून येनार, भाऊ?”

“कुनी कळवलंच न्हाय. आता अण्णाच परदेशी गेले पायजेत. मंग तिकडचं सरकार आपल्याला कळवील.”

आसपासचे चारजण हसले. सगुणाबाईही हसल्या. दिशाने त्यांचा पदर ओढला.

“आये, अण्णांचं घर लागू नये म्हनून तू मला शाळेत मागच्या वाटेनं धाडतेस. ते पन गोपनीय हाय?”

सगुणाबाई खोकू लागल्या. मग शेजारचे खोकू लागले. बघता बघता अख्खा मोर्चा खोकू लागला.