तोंड बंद असतानाचं मत

माणसाने कुठे राहावं हा प्रश्न त्याने स्वतः सोडवायचा नसतो. तो आजूबाजूच्यांनी सोडवायचा असतो. राहणाऱ्याने फक्त आल्यागेल्याला चहा करायचा असतो. ही व्यवस्था फार जुनी आहे आणि तिच्यामुळेच माणसं पिढ्यान् पिढ्या एका जागी टिकून आहेत. झाडांच्या बाबतीत हेच काम मुळं करतात, मात्र मुळं दुसऱ्या कपाची वाट बघत बसत नाहीत.

सदर हकीकत जिथे घडली ते ठिकाण ना धड गाव, ना धड शहर असं होतं. (चपलांची दोन दुकानं होती आणि दोन्ही दुकानदारांचं एकमेकांबद्दलचं मत खरं होतं.) तिथल्या दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवणारी एक बाई होती. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, दात उपटत आणि निघून जात. पुढचं सगळं, म्हणजे माप घेणं, साचा करणं, दात बसवणं, घासून गुळगुळीत करणं, ही बाई मागच्या खोलीत करायची. गाव तिला कवळीबाई म्हणायचं. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथे ते सुखरूप होतं.

एका मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने कवळीबाईला बोलावलं. त्याचं कारण एक सुतार. दुखण्यात त्याची टाळू काढावी लागली होती. पाणी प्यायला की नाकातून यायचं आणि बोलला की फटीतून वारा सुटल्यासारखं ऐकू यायचं. शहरात टाळू बनवून घ्यायला मोठी रांग होती. कवळीबाईने त्या रुग्णालयातल्या दातांच्या विभागाच्या मॅडमना फोन करकरून, विचारून विचारून त्याला नकली टाळू बनवून दिली. तीनदा चुकली, चौथ्यांदा बसली. सुतार घोटभर पाणी प्यायला, थांबला आणि बायकोला म्हणाला, "कोमट आहे गं." बायकोने भिंतीकडे तोंड केलं. कवळीबाई त्या दिवशी घरी गेली ती आपलंच घर ओलांडून दोन घरं पुढे.

मॅडमचं म्हणणं असं, की असे लोक इथे रोज येतात, बनवणारे हात कमी आहेत, राहायला दोन खोल्या मिळतील, महिनाअखेर काय ते सांगा. कवळीबाईला जायचं होतं. इतकं ते सरळ होतं. गोष्ट इतकी सरळ असली की ती चर्चेला ठेवावी लागते.

गावात मोठ्या शहराविषयी सावध करणाऱ्यांच्या तीन श्रेणी होत्या. पहिली श्रेणी कधीच न गेलेल्यांची. यांची मतं सर्वांत स्वच्छ, कारण त्यांत अनुभवाची लुडबुड नसते. दुसरी श्रेणी एकदा जाऊन आलेल्यांची. यांत शिंपीकाका प्रमुख. तरुणपणी ते शहरात गेले असताना त्यांची छत्री चोरीला गेली आणि तेव्हापासून शहराची नीतिमत्ता ते त्या छत्रीवरून सांगत आले आहेत. (छत्री पुढे त्यांच्याच कपाटामागे सापडली. पण तोवर मत पिकलं होतं आणि पिकलेलं मत कुणी झाडाला परत चिकटवत नाही.) तिसरी श्रेणी ज्यांची मुलं शहरात राहतात त्यांची. ही मंडळी सर्वांत कळवळून सांगतात, "अजिबात जाऊ नकोस," आणि उठताना विचारतात, "तुला मिळणाऱ्या खोल्या आमच्या धाकट्याच्या कॉलेजपासून किती लांब?"

सगळ्या इशाऱ्यांचं वर्गीकरण केलं असता असं दिसलं: हवा वाईट, चाळीस टक्के, माणसं वाईट, चाळीस टक्के, मुलगी हाताबाहेर जाईल, दहा टक्के, उरलेल्या दहा टक्क्यांना नक्की काय ते सांगता येईना, पण जिवाला बरं वाटत नव्हतं. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, हा मुद्दा सर्वांनी मांडला. मांडताना कवळीबाईच्या घरात काय चाललंय, कोण कधी येतं, पडदे नवे का घेतले, याची त्यांना असलेली माहिती ऐकून शहरातल्या शेजाऱ्यांची उदासीनता किती भयंकर असेल याची कल्पना येत होती.

आणखी एक आकडा नोंदवला पाहिजे. आलेल्या इशाऱ्यांपैकी बहात्तर टक्के इशारे कवळीबाईने स्वतः घडवलेल्या दातांतून बाहेर पडले. (बाकीचे तरुण होते.) आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

घरातली परिस्थिती याहून शिस्तशीर होती. नवरा घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचा. त्यामुळे गावातला प्रत्येक इशारा, त्या त्या घरात किती युनिट जळले त्यासह, संध्याकाळपर्यंत घरी पोचता व्हायचा. स्वतः तो अत्यंत उदारमतवादी. "तू म्हणशील तसं," असं तो दिवसातून चार वेळा म्हणायचा आणि पुढे "पण लोक म्हणतात ते..." असं पाच वेळा. बदलीचा अर्ज त्याने लिहून ठेवला होता. तो शर्टाच्या खिशात इतका व्यवस्थित बसला होता की काढवेना. अकरा वर्षांची मुलगी "मला चालेल" म्हणाली. ती अज्ञान असल्याने तिचं मत ग्राह्य धरण्यात आलं नाही.

सर्वांत मोठा अधिकार सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा. अप्पांनी हयात बस डेपोत काढली. मोठ्या शहराची गाडी रोज सकाळी तेच सोडायचे. दरवाजे बघायचे, टपावरचं सामान बघायचे, मग गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायचे आणि गाडी निघायची. एवढ्या वर्षांत एकदाही ते त्या गाडीत बसले नाहीत. शहर म्हणजे काय हे त्यांना परत आलेल्या उतारूंच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. (परत न आलेल्यांचे चेहरे अर्थातच उपलब्ध नव्हते.)

अप्पांच्या अध्यक्षतेखाली घरात बैठक झाली. विषय एकच: जावं की न जावं. अध्यक्षांनी प्रास्ताविकात "जाऊ नये" असं सांगितलं, समारोपात "मी आधीच सांगितलं होतं" असं सांगितलं आणि मधल्या वेळात चर्चा झाली. "विचार चालू आहे" असा ठराव एकमताने मंजूर झाला. विरोधात कुणी नव्हतं, कारण कवळीबाई भांडी घासायला उठली होती. नळ सोडून ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. तिला राग आला होता, आणि रागावण्यासारखं कुणी काही बोललेलं नसल्यामुळे तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. कवळीबाईने जाऊ नये असं सबंध गावाचं मत होतं आणि ती जाणार हे सबंध गावाने गृहीत धरलं होतं. सबब, ती जायच्या आत नवी कवळी करून घ्यायला दवाखान्यात रांग लागली. ज्यांची जुनी उत्तम होती तेही आले. "आता तू कसली थांबतेस," असं म्हणत खुर्चीत बसायचे आणि लगेच "पण जाऊ नकोस," असं म्हणायचे.

कवळीचं माप घ्यायचं म्हणजे एका वाकड्या ट्रेमध्ये मऊ लगदा भरून तो तोंडात दाबून धरायचा आणि घट्ट होईपर्यंत माणसाने गप्प बसायचं. या काळात माणसाला बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. कित्येकांच्या आयुष्यातला हा असा एकमेव प्रसंग असतो.

पहिल्या दिवशी शिंपीकाका बसले होते. लगदा तोंडात, डोळे छताकडे. कवळीबाई दमली होती. हात धुता धुता ती त्यांना नव्हे, भिंतीलाच म्हणाली, "जाऊ का हो मी?"

शिंपीकाकांचा उजवा हात उठला आणि माशी हाकलावी तसा दाराकडे हलला. जा. पुन्हा हलला. जा, जा.

माप निघालं, चूळ भरून झाली, जुनी कवळी आत गेली आणि शिंपीकाका म्हणाले, "माझं ऐक पोरी, त्या वाटेला जाऊ नकोस. माझी छत्री..."

कवळीबाईला वाटलं, आपला काही गैरसमज झाला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्यांच्या मोठ्या बाई, आल्या. त्यांचं तोंड भरल्यावर तिने मुद्दाम विचारलं. मोठ्या बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं, आपल्या छातीवर बोट टेकवलं, नकारार्थी मान हलवली, मग तिच्याकडे बोट केलं आणि मग खिडकीबाहेर. लगदा कधीच घट्ट झाला होता, तरी मनगट सुटेना. चूळ भरल्यावर मात्र त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे बघ, बाईमाणसाने घर सांभाळून काय ते करावं."

मग तिने प्रत्येकालाच विचारलं. निकाल असा: तोंडाने सतरापैकी सतरा जण "नको" म्हणाले. हाताने चौदा जण "जा" म्हणाले, दोघांना झोप लागली आणि एकाचा हात वर आला तो नाक खाजवायला. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दोन्ही काढून ठेवले की हत्ती काय म्हणतो, याचा अभ्यास पूर्वी झाला नव्हता. शास्त्रीय निष्कर्ष एवढाच निघतो, की मत हे खातं तोंडाकडे असलं तरी तोंड रजेवर असताना हाताकडे त्याचा तात्पुरता कार्यभार येतो, आणि हात नवखा असल्यामुळे खरं ते करून बसतो.

अप्पा सर्वांत शेवटी आले. त्यांची वरची कवळी सैल झाली होती. "शहर" म्हणताना ती खाली यायची, त्यामुळे गेल्या आठवड्यापासून त्यांचे इशारे अर्धेच बाहेर पडत होते. कवळीबाईने ट्रे भरला, हिरडीवर दाबला.

"अप्पा, निघू का आम्ही?"

अप्पांनी डोळे मिटले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मग एक हात खुर्चीच्या बाजूला गेला. खुर्चीला खालून पत्रा होता. त्या पत्र्यावर अप्पांनी दोन थापा मारल्या.

तिने ट्रे काढला. चूळ भरून अप्पा सवयीने म्हणाले, "शहर..." आणि थांबले, कारण तोंडात दातच नव्हते. ते तिच्या हातातल्या वाटीत होते. तिने वाटी पुढे केली नाही.

"दात दे आधी," अप्पा बोळक्या तोंडाने म्हणाले. "मग सांगतो काय ते."

"असंच सांगा."

दातांशिवाय अप्पा फार म्हातारे दिसत होते. "तुम्ही जाल," ते म्हणाले. "मीही येईन, नाही कशाला म्हणू. पण तिथे मला कोण ओळखतंय?"

"मी ओळखते ना, अप्पा."

अप्पांनी यावर काही हरकत नोंदवली नाही. वाटी घेतली, दात बसवले आणि हवा फार वाईट असते याबद्दल थोडं बोलले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

तिने तिथूनच मॅडमना फोन केला आणि येते म्हणून सांगितलं. घरी नवऱ्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो." अर्ज खिशातून निघाला तेव्हा घड्यांवर झिजून त्याचे चार तुकडे झाले होते, ते चिकटवून देण्यात आले. अधिकृत ठराव आजही "विचार चालू आहे" असाच आहे. त्या ठरावानुसार टेम्पो बोलावण्यात आला.

निघायच्या दिवशी सारं गाव निरोपाला आलं. सर्व म्हाताऱ्यांच्या तोंडात नव्या कवळ्या होत्या आणि सर्वजण एकमुखाने सांगत होते, "अजून वेळ गेलेली नाही." एकाचीही कवळी खाली आली नाही, एकाचाही उच्चार घसरला नाही. कवळीबाईने ऐकता ऐकता सगळ्यांचे जबडे बघून घेतले. काम चोख झालं होतं. मग तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं.

आता वाचकांविषयी. ही हकीकत आपण मनातल्या मनात, म्हणजे तोंड बंद ठेवून वाचली. त्यामुळे "बरं झालं, गेली" असं मधे कुठेतरी आपल्याला वाटलं असेल, तर ते मत खरं म्हणून नोंदवून घेतलं आहे. त्याबद्दल आपले आभार. आता वाचन संपलं. आपल्या घरातही कुणीतरी असाच एक प्रश्न विचारून बसलं आहे आणि त्याला आपण "बघू" म्हणून ठेवलं आहे. ते माणूस आत्ता आपल्याकडेच बघतंय. उघडा तोंड.