काळ्या पिशवीतलं कारलं

"उद्या सकाळी सगळ्यांसमोर ती पिशवी उघडायची," मृणालिनीने कणीक मळता मळता जाहीर केलं, आणि सुभाषला चहाचा ठसका लागला.

"कुठली पिशवी?"

"अहो, ती काळी! कोणीतरी ओलं-सुकं एकत्र कोंबून मागच्या ड्रमपाशी ठेवून जातंय. काल गाडीवाल्याने आख्ख्या बिल्डिंगचा कचरा उचलला नाही. आत काय निघतं त्यावरून घर बरोबर कळेल."

घर कळणार हे सुभाषला नीट ठाऊक होतं. कारण ते घर हेच होतं.

त्याला साखर निघाल्यापासून डब्यात कारल्याची भाजी येत होती. काशीमीऱ्याच्या ऑफिसात ती टाकावी, तर शेजारच्या टेबलावर मृणालिनीची मामेबहीण बसायची. म्हणून संध्याकाळी केबिन रोडवर उभ्या उभ्या गरम जिलबी हाणायची आणि मग भाजी, जिलबीचा तेलकट कागद, प्लॅस्टिकचा चमचा, सगळं काळ्या पिशवीत बांधून वर येताना ड्रमपाशी सोडायचं, असा त्याचा क्रम होता. आजचीही पिशवी तिथेच होती. आणि गोडदेवच्या त्या बिल्डिंगची कचरा कमिटी घरोघरी भांडून उभी केली होती खुद्द मृणालिनीने. गच्चीवर खताची टाकीसुद्धा तिनेच बसवली होती.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. जरा झापड आली की पिशवी फुटायची आणि कारली टणाटण उड्या मारत त्याच्या नावाने हाका मारायची.

सकाळी मृणालिनी आंघोळीला शिरल्याबरोबर तो चपला हातात घेऊन खाली उतरला. ड्रममागे काळी पिशवी तशीच होती. त्याने ती उचलून बनियनखाली सरकवली. वळला, तर समोर दुसऱ्या मजल्यावरची संपदा!

"काका? पोटाला काय झालं?"

"अगं, मी... पुरावा सांभाळतोय. कोणी पळवला तर?"

"वॉव! काकूंपेक्षा तुम्हीच सिरीयस निघालात!" म्हणत तिने लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. सगळे खाली उतरेपर्यंत ती त्याच्या बाजूला पहारा देत उभी राहिली. पळायची सोय राहिली नाही. त्यात सगळ्यांनी एकमताने ठरवलं, की पिशवी काकांनीच उघडायची.

सगळे गोल करून उभे होते. मृणालिनीने त्याच्या हातात रबरी मोजे दिले. पण त्याच्याकडे पाहिलं नाही. सुभाषने गाठ सोडली, डोळे गच्च मिटले आणि पिशवी उलटी केली.

"ई! कारलं!" संपदा ओरडली. "म्हणजे कोणीतरी डायबेटिसवालं आहे!"

आता संपलं, असं सुभाषला वाटलं. कबुली द्यायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज आला तो दुसऱ्याचाच.

"माझी आहे," तळमजल्यावरचा सुभाषचा मित्र आत्माराम मान खाली घालून म्हणाला. "माझी चूक झाली."

त्याची बायको सुलू कमरेवर हात ठेवून पुढे आली. "तरी म्हटलं, डबा एवढा चाटूनपुसून कसा येतोय!"

सुभाषचे डोळे भरून आले. मित्र असावा तर असा! दुसऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं बिचाऱ्याने! कमिटीने आत्मारामला महिनाभर गच्चीवरचं खत ढवळायची शिक्षा दिली, तेव्हा सुभाषला राहवलं नाही.

"मी पण ढवळणार! त्याच्याबरोबर, महिनाभर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्माराम मात्र त्याच्याकडे वेड्यासारखा बघत राहिला.

घरी आल्यावर मृणालिनीने दार लावलं, कडी घातली आणि बाल्कनीतून एक काळी पिशवी आणून त्याच्यासमोर ठेवली.

"ही तुमची."

सुभाष मटकन खाली बसला. "मग ती...?"

"ती आत्मारामभाऊजींचीच. सुलूवहिनी कारलं गोल चिरतात, मी उभं. पहाटे तुम्हाला झापड लागली होती, तेव्हा मी दूध आणायला गेले, तर तिथे दोन पिशव्या होत्या. लोकांसमोर भलतंसलतं निघायला नको म्हणून आधी मीच उघडून बघितल्या. माझं कारलं दिसलं आणि हातपायच गार पडले हो माझे! अध्यक्षबाईंच्याच घरची पिशवी! वर आणून लपवली. खाली उभी होते तेव्हा वाटत होतं, आता कोणीतरी विचारणार, दुसरी पिशवी कुठे गेली?"

"म्हणजे तूसुद्धा घाबरली होतीस?"

"मग? तुम्ही डोळे तरी मिटले होते. मला उघडे ठेवायला लागले."

तिने हिरवा आणि निळा डबा त्याच्यापुढे सरकवला. सुभाष मुकाट्याने निवडायला बसला. भाजी हिरव्यात, चमचा निळ्यात. तेलकट कागद कुठे टाकायचा हे कळेना, म्हणून त्याने भीत भीत वर पाहिलं. मृणालिनीने तो कागद त्याच्या हातातून घेतला आणि नाकाशी नेला.

"साजूक तुपातली वाटते," ती हळूच म्हणाली. "उद्या येताना पाव किलो आणा. माझ्यापुरती. आणि जाताना स्टीलचा डबा घेऊन जा."