मेपर्यंत टिकवायची समस्या

माणूस गेल्याची बातमी घरात सर्वांत उशिरा स्वयंपाकघराला कळते. नारायण पेठेतल्या श्रीधररावांच्या स्वयंपाकघराला ती तेराव्यानंतर कळली. पाहुणे पांगले, श्रीधररावांनी आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावला आणि सवयीने हाक मारली, "अगं, शिट्ट्या किती?" मंदाकिनीबाईंचं उत्तर आलं नाही. भात करपला.

आता, शिक्षण अनुभवातून मिळावं यावर सर्वांचं एकमत आहे. म्हणून अभियांत्रिकीच्या मुलांना समाजातून एक खरी समस्या शोधून आणावी लागते. पुण्यात मोकळ्या समस्या उरलेल्या नाहीत (वाहतूक आधीच्या तुकडीने घेतली होती, खड्डे स्थापत्य शाखेला राखीव). त्यामुळे नीरजा आणि हिंजवडीचा संभाजी श्रीधररावांच्या दारात पोचले, तेव्हा करपल्याच्या वासाने दोघांचे चेहरे उजळले.

प्रकल्पाचा पहिला टप्पा सहानुभूतीचा होता.

"काका, भात करपला की एक ते पाचमध्ये किती वाईट वाटतं?" नीरजाने विचारलं.

"भाताचं, की एकूण?"

"फक्त भाताचं, काका. बाकीचं आमच्या स्कोपमध्ये नाही."

तेवढ्यात शेजारच्या हेमाताई गॅलरीतून म्हणाल्या, "अहो भावजी, तीन शिट्ट्या करा आणि गॅस बंद करा. त्यात काय एवढं!"

नीरजा पांढरीफटक पडली. "काकू, प्लीज! समस्या मेपर्यंत टिकवायचीय. आत्ताच सुटली तर परीक्षकांना काय दाखवू?"

"आन् भात पाठवू नगा, काकू," संभाजी म्हणाला. "काका नीट जेवले की डेटा बिघडतोय."

श्रीधररावांनी ऐकलेलं विसरायचं कबूल केलं. दर मंगळवारी मुलं यायची, करपलेल्या भाताचे चारी बाजूंनी फोटो काढायची आणि चहा प्यायची. (चहा श्रीधररावांना उत्तम येत असे. तो अहवालातून वगळला.)

एप्रिलमध्ये यंत्र तयार झालं. शिट्ट्या ऐकायच्या, मोजायच्या आणि गॅस बंद करायचा. प्रयोगशाळेत ते शंभर टक्के यशस्वी ठरलं (तिथे कुकर नव्हता, शिट्टी संभाजीने तोंडाने वाजवली). नारायण पेठेत मात्र सकाळी अकराला सगळ्यांचेच कुकर बोलतात. यंत्राने हेमाताईंची एक शिट्टी धरली, वरच्या मजल्यावरची एक आणि चौकातल्या पोलिसाची एक. मग श्रीधररावांचा गॅस बंद करून म्हणालं, "अभिनंदन! आपला भात तयार आहे." कुकरमधलं पाणी नुकतं कोमट झालं होतं.

प्रात्यक्षिक पाहायला आलेल्या मार्गदर्शक प्राध्यापक गोपाळकृष्ण यांना गहिवरून आलं. "अपयशातून शिकले! यासाठीच तर हा विषय ठेवलाय." मुलांना सर्वोच्च श्रेणी मिळाली. अहवालात 'पुढील वाव' या प्रकरणात एकच ओळ होती: भात शिजवणे.

निघताना सर दारात थांबले. "श्रीधरराव, जुलैत नवी तुकडी हीच समस्या पुढे नेईल. तोवर आपण स्वयंपाक शिकू नये, एवढी विनंती."

"नाही शिकणार," श्रीधरराव म्हणाले. "पण नक्की येतील ना?"

हे वाचून किती वाचकांना हसू आलं, ते मोजणं सोपं आहे. वाटीभर गरम भात घेऊन श्रीधररावांकडे जावं असं किती जणांच्या मनात आलं, ती पाहणी अजून झालेली नाही.