घरोघरच्या फ्लॉप्या

दिगंबरभाऊच्या फ्लॉप्या मी पुसल्या. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणानं सांगता येईल.

नव्वदच्या दशकात आदिलाबादच्या बस स्टँडामागे आमचा दोघांचा कॉम्प्युटर क्लास होता. भाऊ मूळचा जवळच्याच बेला गावचा, माझ्याहून बराच मोठा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्याला नावांचं वावडं होतं. नवा विद्यार्थी आला की म्हणे, "नाव राहू दे बे. तुले येते काय, थे सांग."

फायलींनाही तो नाव देत नसे. फायलीतल्या एकूण एक अक्षराचा हिशेब करून लांबलचक आकडा काढणारा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिला होता. तो आकडा हेच फायलीचं नाव. आत एक काना बदलला तरी आकडा बदलायचा. मला म्हणे, "मानूस नाव बदलून येते, मास्तर. आकडा नाई बदलून येत."

याहून अवघड छंद म्हणजे फायली तो क्लासात ठेवतच नसे. तुकडे करून फ्लॉप्यांवर घ्यायचा, प्रत्येक तुकड्याच्या चार प्रती काढायचा आणि गावभर वाटायचा. फोटो स्टुडिओवाल्या रफिककडे, टेलरकडे, खताच्या दुकानात, मिठाईवाल्या सुशीलावहिनींच्या पेढ्याच्या डब्यात. दर शनिवारी पिशवी घेऊन फेरी. फ्लॉपी आणायची, आकडा जुळवायचा, परत नेऊन द्यायची. एखादी बिघडलेली निघाली तर तोच आकडा दुसऱ्या घरून आणायचा. "कोनाच्या घरून आला याले मतलब नाई. आकडा जुळला, माल खरा." वहिनींची फ्लॉपी तो मशीनमध्ये घालण्याआधी हुंगून बघायचा. तुपाचा वास यायचा तिला.

या फायलींमध्ये दुखणी होती. बेल्याच्या दवाखान्यातल्या नव्या तेलुगू डॉक्टरांना ठणका, कळ, चमक यांतला फरक कळेना. पोटात मुरडा आलेल्या एका म्हातारीला त्यांनी गुडघ्याचं मलम दिलं, आणि तिनं ते इमानदारीनं पोटाला चोळलं. तेव्हापासून भाऊ गावोगाव हिंडून दुखण्यांचे शब्द गोळा करत होता, शेजारी तेलुगू अर्थ. तो कोश छापून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा होता.

मी नवी मोठी हार्ड डिस्क आणली आणि कोश तिच्यात भरला. भाऊ बेल्याला गेलेला पाहून घरोघर फिरलो, फ्लॉप्या गोळा केल्या, पुसल्या, विद्यार्थ्यांना वाटल्या. तिघाचौघांनी "हरवली" म्हणून सांगितलं. मला बरंच वाटलं, तेवढंच काम कमी. प्रत्येक दारी सांगून आलो, "आता भाऊंना यायची गरज नाही."

भाऊ परतला. शनिवारी पिशवी खुंटीलाच राहिली.

उन्हाळ्यात लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि डिस्कनं मान टाकली. कोश अजून छापायचा होता.

"भाऊ, सगळं गेलं."

"कुठं ठेवलं होतं?"

"एका जागी."

"मंग थे जाईनच ना मास्तर." त्यानं पिशवी काढली. "चाल."

"कुठे? सगळ्या मीच तर आणल्या."

"चाल तं."

रफिकनं आम्हाला पाहिलं आणि गल्ल्याच्या तळातून फ्लॉपी काढली. "मास्टरजी, मैंने बोला था न, गुम गयी? झूठ बोला था."

"क्यों?"

"दे देता, तो भाई किस बहाने आते?"

भाऊ भिंतीवरचे नवरानवरीचे फोटो बघायला लागला.

टेलरनं सुयांच्या डब्याखालून एक काढली. खताच्या दुकानातली सापडली, पण आकडा जुळेना. क्लासच्या मशीनवर मी तो पुन्हा पुन्हा काढून पाहिला. तो तुकडा आता फक्त वहिनींकडेच असू शकत होता, आणि त्यांनीही मला "हरवली" म्हणून सांगितलं होतं.

आम्ही दुकानात शिरलो तेव्हा आम्ही विचारायच्या आधीच वहिनींनी पेढ्याचा डबा उघडला. "भाऊ मागाले येतीन म्हनून लपवली होती. पन काऊन नाई आले तुमी? कितीक शनवार कपभर चा जास्तीचा टाकून राह्यली मी."

भाऊनं फ्लॉपी हुंगली. "तूप बदललं वाट्टे."

परत येऊन मशीनमध्ये घातली. आकडा जुळला. कोश पुढे छापून झाला, डॉक्टरांकडे गेला. म्हातारीच्या पोटाची चिंता मिटली.

पण माझं एक काम राहिलंच होतं. पुढच्या शनिवारी पिशवी मी घेतली आणि भाऊसोबत निघालो. वहिनींनी तीन कप मांडले. मी बसलो नाही.

"वहिनी, भाऊंना यायची गरज नाही असं मी सांगून गेलो होतो. कुणाला गरज आहे, हे मी विचारलंच नव्हतं." मग भाऊकडे वळलो. तो बशीत चहा ओतत होता, मान खाली. "चुकलं माझं, भाऊ. माफ करा."