खडकावरचं लाल लुगडं

होडीने काठ सोडून चार हात पाणी कापलं असेल-नसेल, तोच गहिनीनाथच्या पोटातली न्याहारी जागेवरून हलली. तो आतल्या आत हादरला. एस.टी. लागणारी माणसं त्याने पाहिली होती. पण भोयाच्या पोराला होडी लागते, हे त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. नेवाशाला प्रवरेच्या पात्रात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तो मिसरूड फुटायच्या आधीपासून जाळं फेकत होता. पाणी वाहायचं, मासे पळायचे, पण पायाखालची वाळू आपली जागा सोडत नसे. बापाने आणि आज्यानेही तेच केलं होतं. इकडे राहुरीच्या अंगाला मुळेवर धरण झालं, नदीची माणसं त्या अफाट पाण्याच्या काठी येऊन राहिली, त्यांची सोसायटी निघाली आणि सोसायटीला लाकडी होड्या मिळाल्या. आता उभं राहायला वाळू नव्हती. वारा सुटला की होडी अशी वरखाली व्हायची, की जणू कुणी सुपात घालून माणसंच पाखडतंय.

बरं, गहिनीनाथ काही रोजावर आला नव्हता. तो नवरामुलगा म्हणून आला होता. सोसायटीचे चेअरमन रखमाजी यांची लेक भागिरथी त्याच्या मनात भरली होती. हिरवं पातळ नेसून चहा देताना ती हळूच "गूळ कमी पडला तर सांगा" म्हणाली होती, आणि तेव्हापासून त्याला दुसऱ्या कुठल्या चहाला चव लागत नव्हती. पण रखमाजीच्या घरची एक रीत होती. पोराचं घरदार, जमीनजुमला मागाहून बघायचा. आधी आठवडाभर पोराला पाण्यावर बघायचं. जो पाण्यावर डगमगला त्याला मुलगी नाही.

पहिल्या दिवशी गहिनीनाथने दात आवळून वेळ निभावली. होडीत तिघे होते. सोसायटीचा सहादू वल्ही मारी आणि त्याहून जोरात तोंड चालवी. गहिनीनाथ जाळी उचली. रखमाजी काठाकडे तोंड करून खांबासारखा ताठ बसे आणि एक शब्द बोलत नसे. सासरा मोठा करारी दिसतो, असं गहिनीनाथला वाटलं. उतरल्यावर तो सरळ चालत एका बाभळीमागे गेला आणि तिथे ओकून मोकळा झाला.

त्याचा मुक्काम वस्तीवरच चुलत्याकडे, पुंजानानाकडे होता. हा नाना तरुणपणी मुंबईच्या धक्क्यावर हमाली करून आलेला, आणि तेवढ्या शिदोरीवर सगळ्या दर्याचा जाणकार झालेला. पुतण्याची कर्मकहाणी ऐकून त्याने आधी कपाळावर हात मारला आणि मग उपाय सांगितले. रिकाम्या पोटी जायचं नाही, कोरडी भाकरी चावून खायची. गालात आल्याचा तुकडा धरायचा. होडीच्या टोकाला न बसता मध्यावर बसायचं.

"आन् सगळ्यात मोठी गोष्ट," नाना म्हणाला, "खाली पान्याकडं न्हाई बघायचं. लांब काठावरची एक वस्तू धरायची. न हलनारी. तिच्यावर नजर अशी खिळवायची, की आबाळ कोसळलं तरी ढळता कामा न्हाई. पर हे कुनाला कळू दिऊ नको. भोयाला होडी लागती म्हनल्यावर पोरगी तर जाईलच, वर जातभर हसं हुईल."

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथने काठावर नजर फिरवली. डोंगर धुक्यात होता, देऊळ धरणात गेलं होतं आणि झाडं वाऱ्याने डोलत होती. एवढ्यात त्याला हवं ते दिसलं. लांब काठाच्या काळ्या खडकावर कुणीतरी लाल लुगडं वाळत घातलं होतं. वाऱ्याने सगळं हलत होतं, पण ते लुगडं ढिम्म. त्याने नजर खिळवली आणि काय आश्चर्य, पोट शहाण्यासारखं गप्प बसलं. होडी वळली तशी त्याने मान वळवली, होडी फिरली तसा तो फिरला. जाळी हाताने उचलली, मासे चाचपून सोडवले, पण नजर काही हलवली नाही. तिसऱ्या दिवशीही लुगडं त्याच जागी हजर होतं. रोज उठून लुगडं धुणाऱ्या त्या अनोळखी माउलीला त्याने मनातून दंडवत घातला.

त्या संध्याकाळी भागिरथीची आई मालनबाई हिने नानाच्या घरी माशाचं कालवण पाठवलं. होणाऱ्या जावयाने ते बोटं चाटून खाल्लं. सोयरीक आता जमल्यातच जमा होती.

पण सहादूला डोळे होते. चौथ्या दिवशी होडी सुटायच्या आधी तो मालनबाईला म्हणाला, "वैनी, न्हाई म्हनलं तरी सांगायला पायजे. त्यो पोरगा दोन दिस झालं, तुमच्याकडं टक लावून बघतोय. पापनी पाडंना. म्या मुद्दाम होडी फिरवून पायली, तर मान फिरवून बघतोय."

कारण खडकावर लुगडं वाळत नव्हतं. लाल लुगडं नेसून, फाटकं जाळं मांडीवर घेऊन मालनबाई स्वतः तिथे बसायची. होडी सुटल्यापासून परत येईतो, जागची न हलता. वस्तीला ते ठाऊक होतं. नेवाशाच्या पाहुण्याला कोण सांगणार?

मालनबाईला पहिल्यांदा ते खरं वाटलं नाही. चारचौघींत नाव काढावं अशी ती बाई, लेक लग्नाला आलेली. पण होडी जाळ्यांसाठी खडकाच्या अंगाला वळली तेव्हा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. होणारा जावई मान ताणून तिच्याच दिशेला एकटक बघत होता. ती तरातरा उठली आणि पदर आवळून वस्तीकडे चालू लागली.

इकडे होडीत गहिनीनाथने डोळे चोळले. वाळत घातलेलं लुगडं उभं राहिलं होतं. त्याला पाय फुटले होते. ते चालत चालत बाभळींआड गेलं आणि त्यासरशी गहिनीनाथच्या पोटानेही जागा सोडली. समोर फळीवर रखमाजीने काढून ठेवलेला ठेवणीतला फेटा होता. तोंड वळवायला सवड मिळाली नाही.

सहादू वल्ही मारायचा थांबला. रखमाजीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो फेट्याकडे बघत नव्हता. मोकळ्या खडकाकडे बघत होता. आता काहीतरी बोलणं भाग होतं. खरं सांगावं तर पोरगी जाते, म्हणून गहिनीनाथने सुचेल ते सांगितलं.

"कालचं कालवन बाधलं वाटतं, मामा."

होडी काठाला लागायच्या आत सहादूने हे वाक्य पाठ केलं आणि लागल्याबरोबर मालनबाईला पोचवलं. तासाभरात रखमाजीच्या अंगणात बैठक बसली. एका बाजूला खाली मान घातलेला गहिनीनाथ आणि घामाघूम नाना, समोर रखमाजी, उंबऱ्यावर मालनबाई. दाराआड भागिरथीच्या बांगड्या वाजत होत्या.

मालनबाईने सुरुवात केली. उभ्या वस्तीने माझं कालवण खाल्लं, कुणाला ढेकर वाकडा आला नाही, हे तिने आधी सांगितलं. मग दुसऱ्या गोष्टीकडे वळताना तिचा आवाज चिरकला. सासू म्हणजे आईच्या जागी, एवढंही या पोराला कळू नये?

"बोल," रखमाजी म्हणाला. "का बघत हुतास?"

गहिनीनाथने नानाकडे पाहिलं. नानाने डोळ्यांनी दटावलं. पण दाराआडच्या बांगड्या एकाएकी थांबल्या होत्या. ती निघून गेली की ऐकतेय, हे त्याला कळेना. भागिरथीने आपल्याला नामर्द म्हटलं तरी चालेल, बदनजरेचा म्हणू नये, असं त्याला आतून वाटलं.

"मामा, मला होडी लागती," तो म्हणाला. "न हलनारी वस्तू बघत ऱ्हायलं की पोट ऱ्हातं. मला वाटलं खडकावर लुगडं वाळत घातलंय. मामी हाईत हे देवाशपत म्हाईत न्हवतं."

सासूकडे बघणारा जावई एक वेळ समजून घेता आला असता, पण होडी लागणारा भोई? सहादूने तोंडावर हात ठेवला. नानाने डोळे मिटून घेतले. सगळे रखमाजीच्या तोंडाकडे बघू लागले. रखमाजी मात्र पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

मालनबाई नवऱ्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचे डोळे मोठे झाले.

"मला तितं बसायला कुनी सांगितलं?" ती सावकाश म्हणाली. "होड्या आल्या तवाच तुमी म्हनला. तू समोर दिसली की मला बरं वाटतं. लालच नेस, तुला खुलतं. आन् हलू नको." तिचा आवाज खाली आला. "म्या येडी, उन्हातान्हात बसले. बाया म्हनायच्या, मालनचा नवरा लई जीव लावतो. मला उतारा म्हनून बसवलं व्हय तुमी?"

सोसायटीचे चेअरमन अंगठ्याने जमीन उकरतच राहिले. काठाकडे तोंड करून ताठ बसणारा तो करारी सासरा गहिनीनाथला आता पुरता समजला.

"पोरगी ह्यालाच दिऊ," मालनबाई उठत म्हणाली. "ह्यानं निदान तोंडानं कबूल तर केलं. आन् उंद्यापासनं मी बसनार न्हाई."

ती शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी खडकावर बुजगावणं उभं होतं, लाकडाला लाल लुगडं गच्च बांधलेलं. मालनबाईपेक्षाही ते स्थिर होतं. गहिनीनाथने त्याच्यावर नजर ठेवली आणि त्याचं पोट बिनबोभाट राहिलं. रखमाजीनेही नजर ठेवली. थोड्या वेळाने तो होडीच्या कडेवर ओणवा झाला आणि सगळ्यांदेखत ओकला. काठाला आल्यावर त्याला दोघांनी धरून उतरवावं लागलं.

सहादूने ही बातमीही इमानाने पोचवली. मालनबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. कशाकडे बघत असताना होडी लागली, एवढंच तिने दोनदा विचारलं.

पुढच्या सकाळी बुजगावणं आडवं पडलं होतं आणि लाल लुगडं नेसून मालनबाई खडकावर बसली होती. रखमाजी होडीत ताठ बसला, पण आज त्याचे डोळे ओले होते. पंचाईत झाली ती गहिनीनाथची. लाल लुगड्याकडे बघायची आता त्याची प्राज्ञा नव्हती. त्याने मान खाली घातली, पाणी डोळ्यांपुढे गरगरलं, आल्याचा तुकडा त्याने कराकरा चावला.

शेवटी होईल ते होवो म्हणून त्याने मान वर केली. आईच्या शेजारच्या खडकावर मांडीवर जाळं घेऊन हिरवं पातळ बसलं होतं, आणि ते जराही हलत नव्हतं.