जप्तीचे कारण

“पण त्यावर कुणी बसलं नव्हतं ना,” रेकॉर्डराव म्हणाले. सकाळपासून हे वाक्य त्यांनी सातव्यांदा म्हटलं होतं, आणि दर खेपेला ते आधीपेक्षा जास्त लंगडं निघत होतं.

लंगडा तर समोरचा बाकही झाला होता. बसथांब्यावरचा लोखंडी बाक, पुढचा एक पाय पोटाशी घेऊन तिरका पडला होता. काल दुपारी पावणेचारला रेकॉर्डरावांनी गाडी फुटपाथवर चढवून त्याला ठोकरलं होतं. आणि आज, गाडी जप्तीत गेल्यामुळे, त्याच थांब्यावर बसची वाट बघायची पाळी त्यांच्यावर आली होती. तीही उभ्याने. बसणार कशावर?

“नव्हतं बसलं, हे तुमचं कर्तृत्व आहे का?” बायको म्हणाली.

“मी एवढंच म्हणतोय की ते फुंकायचं यंत्र बिघडलेलं असू शकतं.”

“आणि बाकाचा पाय? तोही यंत्रानेच मोडला?”

रेकॉर्डराव हे त्यांचं कचेरीतलं नाव. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सव्वीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळायची म्हणजे माणूस असाच होतो. काल दुपारी आवक-जावक टेबलावरच्या त्यांच्या मित्राचा निरोपसमारंभ होता. तिथे रेकॉर्डराव अडीच ग्लास प्याले. (अडीच हा आकडा त्यांचा. पूर्ण तीन म्हटलं की दारू होते, अडीच म्हटलं की नुसती चव होते, असा त्यांचा हिशेब.) पोलिसाने लायसन मागितलं तेव्हा यांनी मोठ्या रुबाबात फाइल उघडून लेकीचं सहावीचं प्रगतिपुस्तक त्याच्या हातात दिलं. लेक आज दोन मुलांची आई आहे. पोलिसाने गणिताचे मार्क बघितले आणि यंत्र पुढे केलं.

लायसन सहा महिन्यांसाठी गेलं, गाडी जप्तीच्या आवारात गेली, आणि गाडीच्या डिकीत, तीन गठ्ठ्यांत नीट घडी घातलेला, शाळेच्या रंगमंचाचा मखमली पडदाही गेला. दुखणं खरं हे होतं. बायको बावीस वर्षं लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवत आली होती. रंगमंचाचा पडदा तिला पहिल्यांदाच मिळाला होता, आणि तो शिवायला तिने सात आठवडे घरातल्या खाटा भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या. संध्याकाळी सहाला मुलांचं नाटक होतं. हेडबाईंनी बजावून सांगितलं होतं की तीनपर्यंत पडदा आला नाही तर जुन्या चादरी लावू आणि पुढचं काम दुसऱ्या कुणाला देऊ. काल पडदा शाळेत पोचवायला निघालेले रेकॉर्डराव वाटेत जरा चव घ्यायला थांबले, एवढीच ती हकीकत.

तेवढ्यात काठी टेकत एक आजी थांब्यावर आल्या. बाकाकडे बघून त्यांनी तोंड कडू केलं आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

“रोज दुपारी उतरले की पाऊण तास इथे टेकते. तेवढ्यात गुडघे निवतात, मग घरी जाते,” त्या म्हणाल्या. “काल डॉक्टरकडे गर्दी होती म्हणून उशीर झाला, नाहीतर या बाकाबरोबर मीही गेले असते. कुठला शहाणा येऊन आदळला, देवाला माहीत.”

बायकोने हळूच मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

“काही कल्पना नाही,” रेकॉर्डराव जरा मोठ्यानेच म्हणाले.

त्यानंतर बस येईपर्यंत आणि बसमध्येही बायको एक अक्षर बोलली नाही. भांडण संपलं असं समजून रेकॉर्डरावांना बरं वाटलं. (बायको गप्प झाली की भांडण संपलं असं समजणारा नवरा आणि दूध शांत दिसतंय म्हणून गॅसपासून हलणारी सून, दोघांची जात एकच.)

जप्तीचं आवार म्हणजे पत्र्याच्या कुंपणात धूळ खात उभ्या असलेल्या तीन-चारशे गाड्या आणि पुढे एक खिडकी. खिडकीत गणवेशातल्या एक बाई. खिडकी एकला बंद होते, अशी पाटी. बाईंनी मान वर न करता पाठ म्हटल्यासारखं सांगितलं: ज्याच्या नावावर गाडी तो माणूस हजर पाहिजे, गाडीचं नोंदणीपुस्तक पाहिजे, गाडी बाहेर काढायला लायसन असलेला, न प्यालेला माणूस पाहिजे, आणि हा फॉर्म.

गाडी बायकोच्याच नावावर होती, पडद्यांची ने-आण करायलाच घेतलेली. (चालवायचे मात्र रेकॉर्डराव. तिचा क्लच नाजूक आहे, तो फक्त मलाच कळतो, असं ते अकरा वर्षं सांगत होते.)

“नोंदणीपुस्तक?” बाईंनी विचारलं.

“आहे ना,” रेकॉर्डराव छाती पुढे काढून म्हणाले. घरातला एकूण एक कागद ते स्वतः प्लास्टिकमध्ये बंद करत. लग्नाच्या वर्षी घेतलेलं लॅमिनेशनचं मशीन त्यांनी बायकोपेक्षा जास्त जपलं होतं. जन्माचे दाखले, विजेची बिलं, फ्रिजची वॉरंटी, सगळं लॅमिनेट करून, कोपरे गोल कापून, एकाच फाइलमध्ये. “ऐन वेळी शोधाशोध नको म्हणून मी ती फाइल कायम हाताशी ठेवतो.”

“द्या मग.”

रेकॉर्डरावांनी काखेत चाचपलं. फाइल गाडीत होती.

पुस्तक दाखवल्याशिवाय गाडीला हात लावता येत नव्हता आणि गाडीला हात लावल्याशिवाय पुस्तक मिळत नव्हतं. रेकॉर्डरावांनी बाईंना रेकॉर्ड जतन करण्याच्या योग्य पद्धतीवर चार शब्द सुनवायला सुरुवात केली, तशी बायकोने त्यांना कोपराने बाजूला केलं आणि खिडकीत वाकली.

गाडीच्या सीटची कव्हरं मी शिवली आहेत, ती म्हणाली. राखाडी कापड, कडेला काळी गोट. तुमच्या माणसाला म्हणावं, ड्रायव्हरच्या बाजूचं कव्हर खालून उलटं करून बघ. आतल्या शिवणीवर तांबड्या दोऱ्याचे तीन टाके असतील, दोन उभे आणि एक आडवा. मी शिवलेल्या प्रत्येक वस्तूला आतून ते असतात. डिकीत जांभळी मखमल आहे, तिच्या प्रत्येक पट्टीलाही आहेत. आणि बाई, तुमच्यामागे खिडकीला जो निळा पडदा आहे ना, त्याचीही खालची कड उलटून बघा.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. मग मागे वळल्या आणि कड उलटली. दोन उभे, एक आडवा.

“गाडीतून फाइल काढून आण,” त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. “आधी सीटचं कव्हर बघ.”

फाइल आली. एकशे चाळीस प्लास्टिकं उलटल्यावर नोंदणीपुस्तकही सापडलं. मग फॉर्म. त्यात ‘जप्तीचे कारण’ असा एक रकाना होता आणि तो पाहताच रेकॉर्डरावांचे डोळे चमकले. त्यांनी खिशातून पेन काढलं. यंत्राच्या अचूकतेविषयीची शंका, समारंभाचं औचित्य, उन्हाची तिरीप, बाकाची मुळातच चुकलेली जागा, असा मजकूर त्यांनी बसमध्येच जुळवून ठेवला होता. जागा पुरली नाही तर पुरवणी जोडायचीही तयारी होती. पण फॉर्म मालकाने स्वतःच्या अक्षरात भरायचा होता. बायकोने पेन घेतलं, रकान्यात एकच शब्द लिहिला आणि कागद आत सरकवला.

तिने लिहिलं होतं: नवरा.

खिडकीतल्या बाईंनी चेहऱ्याची रेषही न हलवता त्यावर शिक्का मारला. बहुधा हे कारण त्या आवारात नवीन नसावं.

आता उरला गाडी चालवणारा माणूस. त्याची सोय रेकॉर्डरावांनी कालच केली होती. ज्यांच्या निरोपात हे सगळं घडलं, ते आवक-जावकवाले मित्र सव्वाबाराला इस्त्रीच्या शर्टात हजर झाले. काल सगळ्यांना ग्लास भरून देणारा हा माणूस स्वतः लिंबूपाणी प्याला होता, त्यामुळे पोलिसांच्या कुठल्याही यंत्रासमोर उभा राहायला तयार होता. त्यांनी मोठ्या ऐटीत लायसन खिडकीत ठेवलं. बाईंनी ते उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं. मुदत संपून चार वर्षं झाली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवर तारखा टाकत बसलेल्या माणसाने स्वतःच्या लायसनवरची तारीख वाचली नव्हती. ते ओशाळून आल्या वाटेने परत गेले.

साडेबारा वाजले. रेकॉर्डराव बाहेरच्या बाकावर (हा चारही पायांवर उभा होता) जाऊन बसले. इथून डिकी दिसत होती. आत सात आठवडे होते. बायको रात्री मानेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायची ते त्यांना आठवलं. मग, कशाला कोण जाणे, खांबाला टेकलेल्या आजी आठवल्या. पुढच्या अर्ध्या तासात चालक कुठून आणायचा हे सोडून त्यांच्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालं.

“उठा,” बायको समोर उभी होती. “गाडीत बसा. मागे.”

“चालवणार कोण?”

तिने पर्समधून एक कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. लायसन होतं. फोटो बायकोचा, नाव बायकोचं, तारीख तीन वर्षांपूर्वीची, मुदत चांगली पुढची. आणि कार्ड प्लास्टिकमध्ये बंद, चारी कोपरे गोल, एका बाजूला, रेकॉर्डरावांच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे, फाइलला लावायला सोडलेली दोन बोटं जागा.

“हे मी लॅमिनेट केलंय,” रेकॉर्डराव पुटपुटले.

तुम्हीच, ती म्हणाली. विजेच्या बिलांबरोबर दिलं होतं. मला वाटलं होतं बघाल, काही विचाराल. तुम्ही कोपरे कापलेत आणि म्हणालात, घे, आता शंभर वर्षं काही होत नाही याला.

दर गुरुवारी पडद्यांची मापं घ्यायला जाते म्हणून ती बाहेर पडायची ती ओळखीच्या एका लाँड्रीवालीच्या व्हॅनवर गाडी शिकायला. शिकून झाल्यावर एकदा, ते झोपलेले असताना, तिने घरची गाडीही काढली होती. मागच्या बंपरला पोचा आला होता तो तेव्हाच. त्या पोच्यावरून रेकॉर्डराव शेजारच्या दातांच्या डॉक्टरशी दीड वर्ष बोलत नव्हते, आणि दाढ ठणकत असूनही अभिमानाने लवंग चघळत होते.

गाडी आवारातून एकाही गाडीला न घासता बाहेर पडली. नाजूक क्लच काहीच बोलला नाही.

पावणेदोनला पडदा शाळेत पोचला. रेकॉर्डराव न सांगता शिडीवर चढले आणि बायको खालून म्हणेल तसे चौऱ्याहत्तर हूक एकेक करून अडकवले. हेडबाईंनी दोरी ओढली. जांभळी मखमल एकदा थरथरली आणि दोन्हीकडे सरळ, न अडखळता सरकत गेली, तशी मागे रंगीत तालमीसाठी उभी असलेली मुलं समोर दिसली आणि ओरडली. हेडबाईंनी मखमलीवरून हात फिरवला आणि वाचनालयाच्या नऊ खिडक्यांची मापं घ्यायला सोमवारी या, एवढं जाता जाता सांगितलं.

परतताना बसथांबा आला. चार वाजायला आले होते. आजी खांबाला टेकून उभ्या होत्या.

“जरा थांबव गं,” मागून रेकॉर्डराव म्हणाले.

ते उतरले, आजींसमोर जाऊन उभे राहिले आणि कचेरीतलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. “आजी, काल तो मीच होतो,” ते म्हणाले. “प्यालो होतो. सकाळी तुमच्याशी खोटं बोललो. बाकाचा पाय मी उद्या वेल्डिंग करून घेतो.”

आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वाटलंच होतं मला, त्या म्हणाल्या. ज्याला खरंच कल्पना नसते तो इतक्या मोठ्याने सांगत नाही. मग गाडीत कोण चालवतंय ते वाकून बघितलं आणि, हिच्याबरोबर यायला हरकत नाही, म्हणत काठीसकट पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

रेकॉर्डराव मागे, रिकाम्या गठ्ठ्यांच्या फडक्यांत बसले. दोन वळणं गेली. मग त्यांनी घसा साफ केला.

“यंत्र बिघडलेलं नव्हतं,” ते म्हणाले. “आणि अडीच नव्हते, चार होते. माझं चुकलं. पुन्हा पिऊन गाडीला हात लावणार नाही.”

बायकोने आरशात त्यांच्याकडे बघितलं, गिअर बदलला, आणि म्हणाली:

“घरी गेलात की हे सगळं लिहून काढा, सही करा, लॅमिनेट करा आणि मला द्या, फक्त या वेळी प्लास्टिकमध्ये घालायच्या आधी वाचा.”